नाव कमी करणे

माणूस गेल्यावर त्याच्या मागे काय उरते, या प्रश्नाला आपल्याकडे फार मोठमोठी उत्तरे दिली गेली आहेत. कोणी म्हणतात कीर्ती उरते, कोणी म्हणतात कर्म उरते, कोणी पुत्रपौत्रांकडे बोट दाखवतात. ही सगळी उत्तरे खरी असतील. त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. पण अनुभवाने मी या यादीत एक नम्र भर घालू इच्छितो. माणसाच्या मागे त्याची बिले उरतात.

विजेचे बिल सुतक पाळीत नाही. ते दहाव्यालाही येते आणि तेराव्यालाही येते, आणि त्याच्यावर गेलेल्या माणसाचे नाव पूर्वीइतक्याच ठळक अक्षरांत छापलेले असते. पाठोपाठ पाणीपट्टी येते, टेलिफोनचे बिल येते, वर्तमानपत्रवाल्याची चिठ्ठी येते, आणि वर्षातून एकदा घरपट्टी येते. साऱ्या गावाने हळहळ व्यक्त केलेली असते, वर्तमानपत्रात छोटीशी बातमीही आलेली असते. पण या कागदांच्या लेखी अण्णा अजून घरातच असतात आणि मुदतीच्या आत पैसे भरणार असतात.

आमच्या अण्णांच्या बाबतीत तर ही अपेक्षा अगदी रास्त होती. त्यांनी जन्मात कधी मुदत चुकविली नाही. ते शाळामास्तर होते, आणि हजेरीपटाची शिस्त त्यांनी घरातल्या कागदांनाही लावली होती. त्यांच्या टेबलावर एक लाकडी ठोकळा असे. त्यात एक टोकदार तार उभी केलेली. बिल भरून आले की पावती त्या तारेत खोचली जायची. वर्ष संपले की तारेवरचा गठ्ठा उतरवून, दोऱ्याने बांधून, वर वर्ष लिहून तो माळ्यावर जायचा. शेजारी एक लांबट वही. तिच्यात डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी लोक नवी वही सुरू करतात, तशी अण्णाही करीत. त्यांचा व्यापार म्हणजे महिन्याचा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन एवढाच. पण वहीला हळदकुंकू वाहण्यात खंड पडला नाही.

अण्णा गेले तेव्हा पहिले तेरा दिवस मला कसलीच अडचण आली नाही. त्या दिवसांसाठी आपल्याकडे व्यवस्था आहे. कोणत्या दिवशी काय करायचे, दर्भ किती, पिंड किती, कोणत्या दिशेला तोंड करून बसायचे, हे सगळे गुरुजी सांगतात, आणि दुःखाने बधिर झालेल्या माणसाला तेच हवे असते. खरी अडचण चौदाव्या दिवशी सुरू झाली. पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, आणि मी अण्णांच्या खुर्चीत त्या तारेसमोर बसलो. या पुढच्या क्रियाकर्माला पोथी नव्हती.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. जन्म आणि मृत्यू नोंदणीचा आपला कायदा १९६९ चा. घटना घडल्यापासून २१ दिवसांच्या आत ती कळवायची असते. उशीर झाला तर विलंब शुल्क, आणि फार उशीर झाला तर वरच्या अधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. दाखला मिळाला, आणि तो हातात घेताना मला एका जुन्या कागदाची आठवण झाली. दर नोव्हेंबरात अण्णा धुतलेला सदरा घालून बँकेत हयातीचा दाखला द्यायला जात. निवृत्तिवेतन चालू राहायचे तर आपण जिवंत आहोत हे दरवर्षी लेखी द्यावे लागते. परत आले की ते आईला म्हणायचे, “झालं! आणखी एक वर्ष जिवंत असल्याचं सरकारला पटवून आलो.” आई गेल्यावर तेच वाक्य ते आम्हांला फोनवर ऐकवीत. आता माझ्या हातात दुसरा दाखला होता, आणि तो बँकेला पटवायला काहीच कष्ट पडले नाहीत.

दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेवा, असे मला सगळ्यांनी सांगितले. सांगणारे अनुभवी होते. एक प्रत बँकेला, एक निवृत्तिवेतनाच्या कचेरीला, एक गॅसवाल्याला, एक वीजकंपनीला, एक नगरपालिकेला. मतदारयादीतून नाव वगळण्यासाठी सात नंबरचा नमुना भरायचा. शिधापत्रिकेवरचे नाव काढायला आणखी एक अर्ज. प्रत्येक ठिकाणी अर्जाचा विषय मात्र थोड्याफार फरकाने एकच: “मयताचे नाव कमी करणेबाबत.”

ही भाषा मी त्या दिवसांत इतक्या वेळा लिहिली की तिच्याकडे नीट बघायलाही शिकलो. घरी माणूस ‘कैलासवासी’ असतो. श्राद्धाच्या संकल्पात तो नावागोत्रासकट पितर होतो. कचेरीत गेले की तोच माणूस ‘मयत’ होतो. आणि त्याचे नाव पुसले जात नाही, खोडले जात नाही. ते ‘कमी’ केले जाते. जशी बेरजेतून एखादी रक्कम कमी करावी तसे. पहिल्यांदा हा शब्द मला फार कोरडा वाटला. पुढे पुढे वाटू लागले की ज्या कोणा कारकुनाने तो प्रथम वापरला असेल, त्याने आमची अवस्था अगदी अचूक सांगितली आहे. घर तेच, खुर्ची तीच, तार तीच. त्यातून एक माणूस कमी.

नाव बदलण्याची घाई कशाला, असेही काही जणांनी विचारले. या प्रश्नात तथ्य आहे. बिलाचे पैसे घेताना कोणी तुमचे नाव विचारीत नाही. वीजबिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला की पैसे मुंबईतून भरा, नाहीतर अमेरिकेतून भरा, ते घेतले जातात. आपल्याकडे कितीतरी घरांत अजून आजोबांच्या नावाने बिले येतात, आणि आजोबा जाऊन तीस वर्षे झालेली असतात. घरपट्टीचेही तसेच. कर हा घरावरचा बोजा आहे. तो कोणीही भरला तरी पालिकेची हरकत नसते. भरला नाही तर मात्र दरमहा दोन टक्के शास्ती चढू लागते, आणि शास्तीला मयत आणि हयात हा भेद ठाऊक नाही.

अडचण उभी राहते ती पुढे. एखाद्या पिढीने आळस केला की वारसांची संख्या वाढत जाते. दोघा भावंडांची सहा मुले होतात, सहांची चौदा होतात, त्यांतले कोणी परदेशी असतात, कोणी एकमेकांशी बोलत नसतात. मग एक दिवस छप्पर गळू लागते, आणि दुरुस्तीच्या परवानगीच्या अर्जावर सही कोणी करायची यावर घर कोसळेपर्यंत चर्चा चालते. आमच्याच गल्लीत असे एक घर आहे. त्याच्या भिंतीवर पिंपळ उगवला आहे, आणि तोच आता त्या घराचा एकमेव रहिवासी आहे. मला ते नको होते. म्हणून मी माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले.

घर १९७२ साली बांधले, तेव्हापासूनची एकूण एक पावती तिथे होती. आधी मी फक्त घरपट्टीच्या पावत्या वेगळ्या काढणार होतो. पण त्या कामाला तीन दिवस लागले, कारण मी वाचीत बसलो. विजेची बिले म्हणजे आकड्यांत लिहिलेला आमच्या घराचा इतिहास आहे, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. सुरुवातीची बिले वीजमंडळाची; २००५ साली मंडळाचे विभाजन झाले, तेव्हापासून महावितरणची. पहिल्या वर्षांत दोन दिवे आणि एक पंखा, एवढाच वापर. एका हिवाळ्यात युनिट एकदम वाढलेले. ताई पहिल्या बाळंतपणाला आली होती, आणि न्हाणीघरात पाणी तापवायची कांडी आली ती तेव्हाच. मग एका उन्हाळ्यात वाढ: शीतकपाट. पुढे दोघेही शिकायला बाहेर पडलो, ते वर्ष आकड्यांत स्वच्छ दिसते; बिल निम्म्यावर आले. आईच्या आजारपणाच्या वर्षी रात्रभर दिवा जळत असे, तेही त्यात आहे. आणि आई गेल्यावरची बिले इतकी लहान, की एकट्या माणसाने एका खोलीत एक दिवा लावून काढलेल्या संध्याकाळी त्यांत मोजता याव्यात.

घरपट्टीच्या बिलावर अण्णांचे विशेष प्रेम होते. ते त्याचे प्रत्येक कलम मोठ्याने वाचीत. मालमत्ता कर, शिक्षण कर, दिवाबत्ती, अग्निशमन, वृक्ष कर. शिक्षण कर १९६२ च्या कायद्याने आला, आणि तो भरताना आपण मास्तर असल्याचा त्यांना थोडा संकोच वाटे. वृक्ष कराला आधार १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याचा. तो कर गावातल्या झाडांसाठी असतो, अंगणातल्या एका झाडासाठी नव्हे, हे त्यांना माहीत होते, तरी पावती आली की ते पारिजातकापाशी जाऊन सांगत, “तुझं भरलं बरं का.” दर चार वर्षांनी फेरआकारणीची नोटीस आली, की मोजफीत घेऊन घर पुन्हा मोजीत. घर वाढलेले नसे, पण पालिकेने मोजले आहे म्हटल्यावर आपणही मोजले पाहिजे, असा त्यांचा न्याय होता. आईने एकदा विचारले होते, “इतकं कसलं कौतुक कर भरण्याचं?” त्यावर ते म्हणाले होते, “भाड्याच्या खोलीत बावीस वर्षं काढली. घरपट्टी यायला आधी घर लागतं.”

असो. कागद जुळवून मी नगरपालिकेत गेलो. अर्ज, मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, चालू पावती, वारसांचे प्रतिज्ञापत्र, असे सगळे होते. खिडकीमागच्या गृहस्थांनी कागद चाळले आणि सहज विचारले, “बहिणीची हक्कसोड आणली नाही?”

मी म्हटले, “हक्क सोडायचाय असं ती कुठं म्हणालीय?”

ते माझ्याकडे जरा दयेने पाहू लागले. “तसं नसतं हो. सगळे आणतात. बहिणी देतात सही करून. पुढे कटकट नको.”

मी हे त्यांचा दोष म्हणून सांगत नाही. त्यांनी त्यांच्या खिडकीतून वर्षानुवर्षे जे पाहिले तेच ते बोलले. शेजारच्या काकांनीही मला तेच सुचविले होते, आणि तेही मायेने. बहीण सुखी आहे, बडोद्याला तिचे स्वतःचे घर आहे, तिला काय करायचे आहे इथले? शिवाय, ते म्हणाले, घरपट्टी तूच भरतोस ना? मग घर तुझेच.

हा एक समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे, आणि तो साफ खोटा आहे. कर भरल्याने कोणी मालक होत नाही. पालिकेच्या वहीतले नाव हे कर कोणाकडून वसूल करायचा हे ठरविण्यासाठी असते. मालकी कोणाची हे ती वही ठरवीत नाही. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. अण्णांचे मृत्युपत्र नव्हते. घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचे, आणि आई त्यांच्याआधीच गेलेली. अशा घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने सांगून ठेवले आहे. वडिलार्जित मिळकतीची गोष्ट वेगळी होती. तिथे महाराष्ट्राने १९९४ साली काही मुलींना हक्क दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीने तो साऱ्या देशभर दिला गेला. म्हणजे आमच्या घरापुरता प्रश्न १९५६ सालीच सुटलेला होता. इतकी वर्षे कायदा खिडकीबाहेर रांगेत उभा आहे, आणि त्याचा नंबर अजून लागलेला नाही, असे काहीसे मला त्या दिवशी वाटले.

रात्री ताईला फोन केला. सगळे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला घर नकोय रे. विकायचंही नाही मला काही. पण सही मागायला कोणी आलं असतं, तर मी दिली असती, आणि मग रात्रभर रडले असते.”

“का?”

“अण्णांचं नाव कमी होणार, ते समजू शकते. माझंही त्याच कागदाने कमी व्हावं, हे नाही समजत.”

यावर मला बोलण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्रात दोन्ही वारसांची नावे आहेत याकडे त्या गृहस्थांचे लक्ष वेधले आणि अर्ज तसाच घ्यावा अशी विनंती केली. त्यांनी तो घेतला. हरकतीची मुदत सुरू झाली.

याच सुमारास तारेवरच्या चालू वर्षाच्या पावत्यांत मला एक पावती सापडली, जी आमची नव्हती. विजेचीच, पण ग्राहक क्रमांक वेगळा, नाव वेगळे. मग आधीच्या वर्षाच्या गठ्ठ्यात बारा सापडल्या. त्याच्या आधीच्या वर्षी बारा. नाव आमच्या मागच्या आळीतल्या एका गृहस्थांचे, जे जाऊन दहा-अकरा वर्षे झाली. त्यांच्या मागे फक्त काकू. एका खोलीत राहतात, डोळ्यांना कमी दिसते. बिले वाटणारा मुलगा दोन्ही बिले आमच्याच फाटकात टाकून जाई, हे मला माहीत होते. मला वाटायचे, अण्णा ते नेऊन देत असतील.

मी वही उघडली. खर्चाच्या बाजूला दर महिन्याला ती रक्कम होती: कधी २८०, कधी ३१०, उन्हाळ्यात ४०० च्या पुढे. आणि जमेच्या बाजूला, त्याच दिवसाच्या तारखेला, अण्णांच्या बारीक अक्षरांत: ‘काकूंकडून ५० जमा.’

आठवडाभरात काकू स्वतःच आल्या. काठी भिंतीला टेकवून ओटीवर बसल्या, पदराची गाठ सोडली आणि पन्नासाची नोट माझ्यापुढे धरली. “अण्णा गेले, पण बिल काही थांबत नाही. ते भरायचे माझं. बघ, तेवढंच येतं अजून का वाढलंय?”

खरे बिल माझ्या समोर टेबलावर होते. मी नोट घेतली, आणि “बघून सांगतो,” एवढेच म्हणालो. मग सहज म्हणून विचारले, “काकू, बिलावर अजून काकांचं नाव आहे. बदलून घ्यायचं का?”

“नको रे बाबा. अण्णाही एकदा म्हणाले होते. मी म्हटलं, दारावरची पाटी पडली, खोलीत फोटो आहे तो मला नीट दिसत नाही. महिन्याच्या महिन्याला त्यांच्या नावानं एक कागद येतो, तेवढा येऊ द्या.”

त्या रात्री ताईशी पुन्हा बोललो. वडिलांचे ऋण मुलाने फेडावे, हा आपला फार जुना दंडक. पण जुन्या शास्त्रकारांनीही त्याला मर्यादा घातल्या आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे की, बापाने दारूपायी, जुगारापायी किंवा बाहेरख्यालीपणापायी केलेले कर्ज मुलाने फेडू नये. दंडाची आणि शुल्काची उरलेली बाकीही नाही. आणि वायफळ दानाचा बोजाही नाही. त्या स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात मिताक्षरा टीका लिहिली, आणि तिच्या आधारावर पुढे इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही मुलांवर हे ऋण चालवले. ते २००५ साली थांबले. ज्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित मिळकतीत हक्क दिला, त्याच दुरुस्तीने मुलावरचे हे धार्मिक ऋण त्यानंतरच्या कर्जांपुरते कायद्याच्या दृष्टीने संपविले. आता वडिलांचे देणे असेल तर ते त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून, तिच्यापुरते. वारसाने पदरचे भरावे असे कायदा म्हणत नाही.

मी हे सगळे ताईला सांगत होतो, कारण मनातल्या मनात मलाच ते तपासून पाहायचे होते. शास्त्राने सोडले, कायद्याने सोडले. काकूंचे बिल हे तर अण्णांचे कर्जही नव्हते. त्यांनी कोणाला शब्द दिलेला नव्हता. फार तर वायफळ दान म्हणा.

ताई म्हणाली, “नोट घेतलीस ना?”

“घेतली.”

“वहीत लिहिलीस?”

“अजून नाही.”

“लिही. आणि बाकीचे निम्मे माझ्याकडून धर. दर महिन्याला. उताऱ्यावर माझं नाव लावतोयस, तर या पानावरही लाव.”

मला तेव्हा कळले की हक्कसोडीच्या कागदावर ती का रडली असती. वाटणीत माणसाला मिळते त्याहून जास्त त्याला ज्यात धरले जाते ते महत्त्वाचे असते. घराच्या किमतीतला निम्मा हिस्सा तिने एका वाक्यात बाजूला ठेवला होता. काकूंच्या बिलातला निम्मा मात्र तिने मागून घेतला.

काकूंना खरी रक्कम सांगावी की नाही, यावर आम्ही बराच वेळ बोललो. खरे सांगितले असते तर त्यांनी दिवा लावणे कमी केले असते, कदाचित पंखा बंद केला असता, आणि आमच्या ओटीवर येणेही थांबवले असते. फुकट भरतो म्हटले असते तर ते त्यांना सोसले नसते. अण्णांनी पन्नास हा आकडा कसा ठरविला असेल कोण जाणे. पण तो फार विचाराने ठरविलेला असणार. तो इतका लहान नाही की दान वाटावे, आणि इतका मोठा नाही की जड व्हावा. दुसऱ्या दिवशी मी काकूंना जाऊन सांगितले, “तेवढंच आहे, काकू. वाढलेलं नाही.”

पालिकेतून नोंद होऊन यायला अडीच महिने लागले. मुदतीत कोणाची हरकत आली नाही. नव्या उताऱ्यावर अण्णांचे नाव कमी झाले आहे, आणि तिथे आम्हां दोघांची नावे आहेत, ताईचे आधी. ती मोठी आहे. खिडकीतल्या त्या गृहस्थांनी उतारा देताना तो स्वतः एकदा वाचला आणि म्हणाले, “माझ्या बायकोचंही माहेरी असंच एक घर आहे.” पुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

दिवाळीला घरोघरी भावंडे जमतात. फराळाची ताटे पुढे असतात, म्हाताऱ्या माणसांची मने प्रसन्न असतात. अशा वेळी मरणाचा विषय काढू नये हे खरे. पण कागदांचा काढायला हरकत नाही, कारण कागद हा जिवंत माणसांचा विषय आहे. वडिलांना विचारावे, घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक कोणता, विजेचा ग्राहक क्रमांक कोणता, पावत्या कुठे असतात. बँकेत नामनिर्देशन केले आहे का, तेही विचारावे. आणि हेही समजून घ्यावे की नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो तो वारसांच्या वतीने, तो एकटा मालक होत नाही. मृत्युपत्र करायचे असेल तर ते साध्या कागदावरही होते. त्यावर करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर बरे. आणि एवढे विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारावा, जो कोणत्याही कचेरीच्या नमुन्यात नाही: या घरातून कोणाकोणाला काय जाते? कोणाची फी, कोणाचे औषध, कोणाचे वीजबिल? मालमत्तेची यादी मागे सापडतेच. ही यादी पुष्कळदा माणसाबरोबर जाते, आणि कुठेतरी मागच्या आळीत एक दिवा बंद होतो. तो का बंद झाला ते मात्र कोणालाच कळत नाही.

यंदाच्या पाडव्यासाठी मी तशीच लांबट वही आणून ठेवली आहे. दुकानदाराला ती शोधावी लागली. अशा वह्या आता फारसे कोणी नेत नाही म्हणाला. ताई भाऊबीजेला येते आहे, पण या वेळी दोन दिवस आधीच येणार आहे. हळदकुंकू तिने वाहायचे असे ठरले आहे. काकूंना फराळाला बोलावले आहे. त्या पन्नासाची नोट घेऊनच येतील, त्यामुळे पहिल्या पानावर पहिली ओळ कोणती असेल हे आम्हांला आजच माहीत आहे.